दोन जंगलांमधला वसईचा सांधा

कान्हेरी लेणी पाहायला आपण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जातो आणि स्तूपासाठी सोपाऱ्याला. या दोन्हींच्या मध्ये वसईची खाडी आहे. खाडीपलीकडे कामण, चिंचोटी आणि तुंगारेश्वरचे डोंगर. राष्ट्रीय उद्यानाला तुंगारेश्वर आणि तानसाच्या जंगलाशी जोडणारा सांधा तो हाच.

२००९ मध्ये एका बिबट्याने तो चालून दाखवला. ‘आजोबा’ नावाच्या या नराला जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडले होते. कसारा स्थानक आणि वसईचा औद्योगिक पट्टा ओलांडून, खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटरचे अंतर कापत तो राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. त्याच वर्षी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात आजोबा महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला.

राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटर, तर २००३ मध्ये जाहीर झालेले तुंगारेश्वर अभयारण्य साधारण ८५. वयात आलेल्या नराला नवा मुलूख शोधायला बाहेर पडावेच लागते. वाट बंद झाली की जवळच्या नात्यातच पैदास होते आणि वंश कमजोर पडतो. बेडूक, साप, साळिंदर यांना तर रस्ता म्हणजे भिंतच. जंगलाची कड वाढली की वणवा, घाणेरी आणि भटकी कुत्री आत शिरतात. झाड एकही न तोडता जंगल मरते ते असे.

वसई-दिवा रेल्वे, भिवंडी रस्ता, मालगाड्यांचा मार्ग, आता बुलेट ट्रेन. प्रत्येकाचे नुकसान सुटे मोजले, की थोडेच दिसते. एकत्र कोण मोजणार?

उपाय म्हणून इथल्या वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांना हुसकावणे मात्र आपल्याला मान्य नाही. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतो, तो वापरला पाहिजे. (सोपाऱ्यात ज्याचा तुकडा सापडला, तो अशोकाचा आठवा शिलालेख राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगतो.)

पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी ९ भुयारी मार्ग व पूल बांधले आहेत आणि वाघ ते वापरतात. तसेच मार्ग कामण-चिंचोटीत हवेत. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा आपली पहिली हरकत हीच असावी.