नोकरी सुटली, सोबतीचे काय?

जो डॉमिंग्वेझ यांनी १९६९ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी वॉल स्ट्रीट सोडले आणि पुन्हा पगारासाठी काम केले नाही. विकी रॉबिन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले पैशांवरचे पुस्तक १९९२ मध्ये आले आणि गाजले. वाचक त्यातले हिशेब तेवढे उचलतात, त्यामागची माणसांची सोबत विसरतात, हे खटकते.

हे दोघे सिएटलमध्ये सहकाऱ्यांसह एकाच घरात राहत, स्वयंसेवा करत. पुढे व्हिडबी बेटावर रॉबिन यांनी महिनाभर दहा मैलांच्या आत पिकलेलेच खायचे ठरवले. भाजी, दूध, अंड्यांच्या निमित्ताने आसपासचे शेतकरी जवळचे झाले.

पुण्या-मुंबईत चाळिशीतच निवृत्तीचे बेत आखणाऱ्यांनी एसआयपीइतकीच काळजी अशा ओळखींची घ्यावी, तीही नोकरीत असतानाच. ऑफिस सुटले की चार वाजताच्या चहाचा कंपूही सुटतो.