शिसमचा स्टँड आणि कारागिराचा हिस्सा

परदेशात घरोघरी गिटार वाजते. तिचा आवाज वाढविणारी पेटी, अॅम्प्लिफायर, जमिनीवर ठेवली की आवाज गुडघ्याशीच राहतो, खर्ज घुमतो. म्हणून ती किंचित मागे कललेल्या लाकडी स्टँडवर ठेवतात. (संगीताचा मसला उलेमांकडे, आम्ही सुतारकामापुरते बोलतो.)

एकाच फळीतून बिनखिळ्याची रिहल कोरणाऱ्या सहारनपूरच्या कारागिरांना हे काम जड नाही. २०१७ पासून साइट्स करारामुळे शिसमच्या निर्यातीला परवाना लागू लागला. नोव्हेंबर २०२२ च्या पनामा परिषदेत सवलत मिळाली : प्रत्येक नगातले लाकूड १० किलोपेक्षा कमी असेल तर खेपेत नग कितीही असोत, साइट्सचा परवाना नको. घरगुती पेटीचा स्टँड त्यात सहज बसतो.

मात्र व्यापारी बंधूंनी नगावर मजुरी फेकून मोकळे होऊ नये. कापडाच्या धंद्यात मजुरीने विणणारा मजुरीतच राहिलेला आम्ही पाहिला आहे. मुजारबत करावी : भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफ्याचा हिस्सा आधी ठरलेला, तोटा भांडवलावर. शरीअतने दिलेला हा रस्ता आपण तकरिरीत ऐकतो आणि दुकानात विसरतो.

आणि लाकूड पुरते वाळलेले घ्यावे. थंड मुलखातल्या हीटरच्या खोलीत ओल्या लाकडाचा सांधा उघडतो नि माल परत येतो.