‘हार्डली’ विश्वास



मागच्या महिन्यात एका रात्री भाच्याचा फोन आला. ताई बंगळुरूला असते, भाचा सातवीत आहे. एरवी त्याचा फोन म्हणजे ‘मावशी, निबंधाची सुरुवात सांग ना’ एवढंच. त्या दिवशी मात्र आवाज रडवेला होता. म्हणाला, “मावशी, आईचा माझ्यावर विश्वास नाहीये. तिने शाळेला तसं लिहूनच दिलंय.”

झालं असं होतं, की गणिताच्या चाचणीत त्याचं आणि शेजारच्या मुलाचं एक उत्तर सारखं आलं. बरोबर असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. दोघांचं एकसारखं चुकलं होतं. शाळेने दोघांच्या घरी मेल पाठवली, ‘तुमचं म्हणणं कळवा.’ ताईने ऑफिसातून येऊन, स्वयंपाक उरकून, मोठ्या तळमळीने उत्तर लिहिलं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, ‘आय हार्डली बिलीव्ह माय सन.’ घरात लॅपटॉप एकच. गृहपाठासाठी उघडला तेव्हा भाच्याने ते वाचलं.

तुमच्या लक्षात आलं असेलच. ताईला म्हणायचं होतं, माझ्या मुलावर माझा घट्ट विश्वास आहे. लिहिलं गेलं, माझ्या मुलावर माझा विश्वास जवळजवळ नाहीच.

हसू नका हं. आमची शाळा सांगलीची, मराठी माध्यमाची. तिथे क्रियाविशेषण शिकवताना एकच नियम डोक्यात बसला होता: विशेषणाला ‘ली’ जोडा, झालं काम. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. मग घट्ट म्हणजे हार्ड, आणि हार्डचं हार्डली. ताईचं गणित अगदी सरळ होतं. घोळ इंग्रजीचा आहे, कारण ‘हार्ड’ हा शब्द ‘ली’ न लावताच क्रियाविशेषण म्हणून चालतो. वर्क हार्ड, ट्राय हार्ड. आणि ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, नसल्यासारखंच. गंमत म्हणजे कित्येक शतकांपूर्वी इंग्रजीत ‘हार्डली’चा अर्थ जोर लावून, नेटाने असाच होता. मग तो ‘कष्टाने, मुश्किलीने’ असा झाला आणि घसरत घसरत ‘जेमतेम’वर आला. म्हणजे ताईची मेल काही शतकं उशिरा पोचली, इतकंच!

यातली खरी अडचण मला नंतर विचार करताना सापडली. मराठीत आपण विश्वास ‘ठेवतो’, आपला विश्वास ‘असतो’, ‘बसतो’, ‘उडतो’. विश्वास हे नाम आहे. त्यामुळे त्याला विशेषण लागतं: ठाम विश्वास, गाढ विश्वास, पूर्ण विश्वास. इंग्रजीत ‘बिलीव्ह’ हे क्रियापद आहे, त्याला क्रियाविशेषण लागतं. आपल्या डोक्यातलं विशेषण उचलून तिकडे लावायला गेलो की पाय घसरतो. ‘माझा खूप विश्वास आहे’चं पुष्कळ मुलं ‘आय व्हेरी बिलीव्ह’ करतात. ‘व्हेरी’ एकटा क्रियापदाजवळ बसत नाही. त्याला ‘मच’चा आधार लागतो.

आणि ‘हार्डली’ला अजून एक पदर आहे. ‘आय कॅन हार्डली बिलीव्ह इट’ म्हणजे काय? लॉटरी लागल्यावर माणूस हेच म्हणतो. तिथे अविश्वास नाही, आश्चर्य आहे. आपण म्हणतो, ‘माझा विश्वासच बसत नाहीये!’ पण त्यातला ‘कॅन’ काढला आणि ‘इट’च्या जागी माणूस बसवला की ‘त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही’ होतं. मराठीत हे काम ‘बसत नाही’ आणि ‘नाही’ यांच्यातला फरक करतो, इंग्रजीत तो इवलासा ‘कॅन’.

तर, रात्री दहा वाजता मी आणि ताई फोनवर दुसरी मेल लिहायला बसलो. पलीकडे भाचा कान देऊन ऐकत होता. मी म्हटलं, ‘फर्मली बिलीव्ह’ लिही. ताई म्हणाली, “आमच्या ऑफिसात सगळे स्ट्राँगली लिहितात, ते नको का?”

तिचा प्रश्न चांगला होता. दोन्ही बरोबर आहेत, पण माझ्या कानाला रंग वेगळे लागतात. ‘स्ट्राँगली’मध्ये मताचा जोर आहे. अमुक व्हायला हवं, तमुक बदलायला हवं, अशा ठिकाणी तो शोभतो. ‘फर्मली’ म्हणजे न हलणारा, तुम्ही कितीही समजावलंत तरी. ‘सिन्सिअरली’ आणि ‘जेन्युइनली’ मनापासून. ‘ऑनेस्टली’ जरा जपून वापरावा. ‘आय ऑनेस्टली बिलीव्ह’ म्हणजे मी चुकत असेन, पण मला खरोखर असंच वाटतं. तोच शब्द वाक्याच्या सुरुवातीला, स्वल्पविराम देऊन आला, की ‘खरं सांगू का’ असा होतो, आणि खरं सांगू का म्हणणाऱ्याकडे आपण कसं बघतो ते तुम्हाला माहीत आहे!

प्रत्येक क्रियापदाची सोयरीकही ठरलेली असते. बिलीव्हशी फर्मली जुळतो, पण ‘फर्मली थिंक’ कुणी म्हणत नाही. ‘थिंक’ मुळातच मवाळ, त्याला ठामपणा पेलत नाही. ‘नो’, म्हणजे माहीत असणे, याला ‘फुल वेल’ किंवा ‘परफेक्टली वेल’ लागतं. शंका घ्यायची तर ‘सीरिअसली डाउट’, संशय असेल तर ‘स्ट्राँगली सस्पेक्ट’, आठवत असेल तर ‘डिस्टिंक्टली रिमेंबर’. याला नियम शोधू नका. आपण ‘गाढ झोप’ म्हणतो आणि ‘ठाम झोप’ म्हणत नाही, तसंच ते.

जागेचंही असंच. हा शब्द बहुधा कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्या मधे बसतो. नकार आला की मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं. ‘आय रिअली डोन्ट थिंक सो’ म्हणजे मला खरंच तसं वाटत नाही, ठाम नकार. ‘आय डोन्ट रिअली थिंक सो’ म्हणजे तसं काही फारसं वाटत नाही बुवा. शब्द तेच, एका जागेने मऊ झाले. शाळेच्या ग्रुपवर वर्गणीचा विषय निघाला की पहिलं वाक्य लिहिणाऱ्या आया वेगळ्या आणि दुसरं लिहिणाऱ्या वेगळ्या!

काही क्रियाविशेषणं विश्वासाचा जोर मोजतच नाहीत. ‘वाइडली बिलीव्ह्ड’ म्हणजे पुष्कळ लोक मानतात, किती घट्ट मानतात ते सांगितलेलं नाही. आणि ‘मिस्टेकनली बिलीव्ह’ तर फारच गमतीचं. ‘ती चुकीने असं मानते’ म्हणता येतं, ‘मी चुकीने असं मानत होते’ म्हणता येतं. ‘मी आत्ता चुकीने असं मानते आहे’ हे मात्र म्हणूनच बघा. चूक कळली की मानणं संपलं. लुडविग विट्गेनस्टाइन या तत्त्वज्ञाने नेमकं यावर बोट ठेवलं होतं: ‘चुकीचं मानणे’ असं एखादं क्रियापद असतंच, तर ते वर्तमानकाळात ‘मी’बरोबर वापरण्याला काही अर्थ उरला नसता. बीएच्या वर्गात हे वाचलं तेव्हा मला काहीही कळलं नव्हतं. ताईच्या मेलमुळे कळलं.

कारण अडचण तिथेच आली. मी ‘फर्मली’ लिहायला सांगितलं तर ताई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “अगं, मी काही वर्गात नव्हते. इतकं ठाम लिहू का?”

पलीकडून भाच्याचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

मला तेव्हा आठवलं, शाळाप्रवेशाच्या फॉर्मखाली आपण सही करतो तिथे काय असतं? ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे’. इंग्रजी फॉर्मवर ‘नॉलेज’ आणि ‘बिलीफ’. माहीत असणं वेगळं आणि मानणं वेगळं, हे कायद्याच्या भाषेने कधीच वेगळं काढून ठेवलंय. प्रतिज्ञापत्रांत तर अजूनही ‘व्हेरिली बिलीव्ह’ असा जुना शब्द भेटतो. व्हेरिली म्हणजे खरोखर. आणि १९५२ साली जे. ओ. अर्म्सन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने एका लेखात दाखवलं होतं, की ‘आय बिलीव्ह’ बऱ्याचदा स्वतःच क्रियाविशेषणासारखं, ‘बहुधा’सारखं काम करतं. ‘दुकान आठला बंद होतं, आय बिलीव्ह’ यात विश्वास कुठे आहे? नक्की माहीत नाही, एवढंच आहे. पण ‘आय बिलीव्ह’पुढे माणूस आला, की ‘बहुधा’ गळून पडतं.

शेवटी आम्ही लिहिलं ते असं: ही हॅज टोल्ड मी ही डिड नॉट कॉपी, अँड आय बिलीव्ह हिम. त्याने मला सांगितलंय, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. फर्मली नाही, स्ट्राँगली नाही. ताईने वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं, दुसऱ्यांदा माझ्यासाठी नव्हतं. आधीची मेल चुकीची गेली होती, तीही ओळ जोडली.

शाळेत बाईंनी त्याला फळ्याजवळ उभं करून तसंच दुसरं उदाहरण घातलं. वजा गुणिले वजा. पठ्ठ्याने पुन्हा तीच चूक केली, बाईंच्या डोळ्यांसमोर, कुणाचंही न बघता. चूक त्याची स्वतःचीच होती हे सिद्ध झालं! बाईंनी विषय तिथेच सोडला आणि गुणाकाराची दहा उदाहरणं दिली.

आता सहामाही जवळ आली आहे. परवा ताईने विचारलं, अभ्यास झाला का? चिरंजीव म्हणाले, “हार्डली!”

तुमच्या घरातही एखाद्या ‘ली’ने असा घोळ घातला असेल तर नक्की लिहून पाठवा. पुढच्या वेळी ‘आय बिलीव्ह यू’ आणि ‘आय बिलीव्ह इन यू’ यांच्याबद्दल बोलू.