‘अध्यक्ष’ म्हणजे पाहणारा

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांत बुलडाणा जिल्ह्यातील नगरपरिषदांना थेट जनतेतून निवडलेले नगराध्यक्ष मिळाले. तत्पूर्वी दीर्घकाळ हा कारभार प्रशासकांच्या हाती होता. खुर्ची रिकामी असली तरी ‘भावी नगराध्यक्ष’ मात्र चौकाचौकांतील फलकांवर सुखाने नांदत होते. ‘मा. नगराध्यक्ष’ या उपाधीतील ‘मा.’ माननीय की माजी, हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या आंदोलनात ‘मेयर’ला ‘महापौर’ हा शब्द दिला. पुरात राहतो तो पौर. आपल्या जिल्ह्यात महानगरपालिका नसल्याने त्या शब्दाची गाठ अकोल्यास गेल्यावरच पडते. बुलडाणा, खामगाव, मेहकर, मलकापूर येथे चालतो तो ‘नगराध्यक्ष’. तोही तितकाच स्वकीय. पण शब्द स्वकीय राहिला आणि अर्थ परका झाला, असे त्याच्या बाबतीत घडले आहे.

अमरकोशात ‘अध्यक्ष’ शब्दाचे दोन अर्थ आहेत : प्रत्यक्ष आणि अधिकारी. अक्ष म्हणजे डोळा. ज्याची दृष्टी कार्यावर असते तो अध्यक्ष. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीवर सीताध्यक्ष आहे, जकातीवर शुल्काध्यक्ष आहे, वजनमापांवर पौतवाध्यक्ष आहे. यांतील कोणीही सभेच्या अग्रस्थानी बसणारा नव्हे. आपापल्या खात्यात काय येते, काय जाते, कोण किती खातो, हे पाहणे आणि त्याची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. ‘प्रेसिडेंट’ या शब्दाचे लॅटिन मूळ मात्र ‘पुढे बसणारा’ असे आहे. इंग्रजी अमदानीत आपण पाहणाऱ्याचे नाव बसणाऱ्याला दिले. मग ‘अध्यक्षस्थानी’, ‘अध्यक्षीय समारोप’, हारतुरे हे सारे ओघानेच आले.

गंमत अशी की, कायद्याला मूळ अर्थाचा विसर पडलेला नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ५८ मध्ये नगराध्यक्षाने सभांचे अध्यक्षपद भूषवावे असे आहे, आणि परिषदेच्या आर्थिक व कार्यकारी कारभारावर लक्ष ठेवावे असेही आहे. दैनंदिन अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची, दृष्टी नगराध्यक्षाची. ठेकेदाराचे देयक कामावर न जाता संमत होते, तेव्हा हे कलमही मोडते आणि शब्दही.

नगराचा कारभार पाहणाऱ्यास कौटिल्य ‘नागरिक’ म्हणतो! आज जो शब्द प्रत्येक रहिवाशाचा आहे, तो तेव्हा अधिकाऱ्याचा होता. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण दंड, चिखलपाणी साचविणाऱ्यास पाव पण, अशी त्याच्या प्रकरणात तरतूद आहे. आमच्या गावांतील तुंबलेल्या गटारांना हा दर लावला, तर कित्येक नगरपरिषदांनाच तो भरावा लागेल. त्या नागरिकास नित्य करावयाच्या पाहणीची यादीही तेथे दिली आहे. तटबंदी, गुप्त वाटा, रस्ते तीत आहेत. पण पहिले नाव उदकस्थानाचे आहे. बुलडाणा शहराचे उदकस्थान जवळच, येळगावच्या धरणावर आहे.