शिक्षकाचा संप : हक्क की गुन्हा?

"सर, संप म्हणजे सुट्टीच ना?"

मार्च 2023 च्या संपानंतर वर्ग पुन्हा भरले, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. वर्ग हसला, मीही हसलो. पण मित्रांनो, त्या प्रश्नाचं नीट उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. ते आज देतो.

संप म्हणजे सुट्टी नव्हे. सुट्टीचा पगार मिळतो, संपाचा पगार कापला जाऊ शकतो. अर्ज झाले, निवेदनं झाली, काळ्या फिती लावून झाल्या, मोर्चे झाले, तरी कोणी ऐकलं नाही, तर माणूस शेवटी हातातलं काम खाली ठेवतो. त्याचं नाव संप.

2023 चा संप जुन्या पेन्शनसाठी होता. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांना तेव्हा जुनी पेन्शन नव्हती. एकाच स्टाफरूममध्ये दोन शिक्षक शेजारी बसायचे, तेच विषय शिकवायचे. पण एकाला म्हातारपणी ठरलेली पेन्शन आणि दुसऱ्याचं म्हातारपण बाजाराच्या चढउतारावर. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा त्यातून आली. 14 मार्चला संप सुरू झाला आणि त्याच दिवशी विधिमंडळात मेस्मा विधेयक मंजूर झालं. 20 मार्चला संप मागे घेतला गेला. म्हणजे एका हातात चर्चेचं निमंत्रण, दुसऱ्या हातात छडी! वर्गात छडी वापरायला आम्हाला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मग आमच्याशी बोलताना सरकारला छडी का लागते?

छडी हा शब्द मी उगाच वापरत नाही. 4 ऑक्टोबर 2016 रोजी औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक होती. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी तिथे मोर्चा काढला आणि त्यांच्यावर लाठीमार झाला. ते काय मागत होते? पगारासाठी अनुदान. वर्षानुवर्षं शिकवलेल्या कामाचा पगार!

तमिळनाडूत तर 2003 साली कळसच झाला. संपावर गेलेल्या सुमारे 1 लाख 70 हजार कर्मचारी आणि शिक्षकांना सरकारने बडतर्फ केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 6 ऑगस्ट 2003 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्क नाही. बहुतेकांना नोकरी परत मिळाली, पण बिनशर्त माफी लिहून दिल्यावर.

आता आपल्या शेजारच्या गोव्यातली गोष्ट. तिथल्या एका शिक्षिकेला शाळेने कामावरून काढलं. औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागत ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1988 साली न्यायालयाने सांगितलं की शिक्षक हा त्या कायद्यातला 'कामगार' नाही, कारण शिकवणं हे कारकुनी किंवा अंगमेहनतीचं काम नव्हे, ते उदात्त कार्य आहे. ऐकायला किती छान वाटतं! पण त्या कौतुकाने तिच्या हातातला कायदा गेला. ग्रॅच्युइटीचंही तसंच. खासगी शाळांतल्या शिक्षकांना तिच्या कायद्यात आणण्यासाठी संसदेला 2009 साली खास दुरुस्ती करावी लागली.

विचार करा. हक्क मागितला की तुम्ही कामगार नाही, तुम्ही गुरू. काम थांबवलं की तुम्ही गुरू नाही, शिस्तभंग करणारे कर्मचारी. ढोलकी दोन्हीकडून वाजते, आणि मार मात्र दोन्ही वेळा शिक्षकालाच.

तुम्ही म्हणाल, "पण मुलांचं नुकसान होतं त्याचं काय?" प्रश्न खरा आहे, तो टाळता येणार नाही. 2023 च्या संपात दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. श्रीमंताच्या पोराला खासगी क्लास असतो. गरिबाच्या पोराला फक्त शाळा. म्हणून संप हे शेवटचंच हत्यार असावं, आणि बुडालेले तास आपण नंतर भरून द्यावेत, असं मी माझ्या संघटनेतल्या मित्रांनाही सांगतो. पण पगाराशिवाय राबणारा शिक्षक संध्याकाळी दुसरं काम शोधतो, तेव्हाही मुलांचं नुकसान होतंच की! ते रोज होतं, म्हणून त्याची बातमी होत नाही.

मग उपाय काय? संपावर बंदी घालायची असेल, तर तक्रार ऐकणारी दुसरी जागा द्या. ठरलेल्या मुदतीत निर्णय देणारी आणि सरकारलाही बांधील असणारी यंत्रणा उभी करा. 5 ऑक्टोबर 1966 रोजी युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकारली गेली. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण जागतिक शिक्षक दिन साजरा करतो. त्याच शिफारशीत लिहिलंय की वाटाघाटींचे मार्ग खुंटले, तर इतर संघटनांना असतात ते मार्ग शिक्षक संघटनांनाही असावेत. दिन साजरा करायचा आणि त्यामागचा कागद वाचायचा नाही, हे कसं चालेल?

पालकांनो, पुढच्या वेळी शाळेला कुलूप दिसलं, तर शिक्षकांना जरूर जाब विचारा. पण आधी एवढंच विचारा, "सर, किती वर्षांपासून अर्ज देताय?"

आणि सातवीतल्या त्या मुलाला माझं उत्तर : बाळा, नागरिकशास्त्राच्या तासाला मी तुला हक्क शिकवतो. स्वतःचा हक्क मागायला घाबरणारा मास्तर ते कोणत्या तोंडाने शिकवणार?