तंत्र-मंत्र : पकड आणि झीज

मंडळी, मागच्या अंकात मोटारीच्या ब्रेकबद्दल लिहिलं होतं. ते वाचून आपल्या मंडळातल्या एका गृहस्थांचा फोन आला. मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. उन्हाळ्यात काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने जुनी ६०० सीसीची स्पोर्ट बाइक घेतली आहे. आईने धरलेला अबोला आता सुटला आहे, पण टायर बदलायची वेळ आली आणि बापलेकांत जुंपली. मुलाला हवेत रेसवाल्यांचे, सर्वांत चिकट. वडिलांचं म्हणणं, "अहो, ते तीन हजार मैलांत संपतात म्हणे! बारा हजार मैल चालणारे असताना हे कशाला? तुम्हीच सांगा त्याला."

आता बापलेकांच्या भांडणात पडू नये हे मला कळतं. पण प्रश्न नुसता दोनशे डॉलरचा नाही, म्हणून हा लेख. शिवाय पन्नाशी जवळ आल्यावर पुण्यातल्या बुलेटची आठवण येऊन इथे हार्ली घेणारे आपल्यात काही कमी नाहीत. त्यांनीही वाचावा.

शाळेतलं खोडरबर आठवा. मऊ, वासाचं रबर अक्षर सुरेख पुसायचं, पण महिन्याभरात संपायचं. कडक रबर वर्षभर पुरायचं, पण पुसायच्या ऐवजी कागद काळा करायचं. टायरचं मूळ दुखणं हेच आहे. मऊ रबर रस्त्यावरच्या खडीच्या बारीक खाचाखोचांत शिरतं, दाबलं जातं, ताणलं जातं आणि त्यात ऊर्जा खातं. हे ऊर्जा खाणं म्हणजेच पकडीचा एक मोठा भाग. दुसरा भाग रबर रस्त्याला प्रत्यक्ष चिकटण्याचा, पण रस्ता ओला झाला की तो बराचसा जातो. कडक रबर खाचांच्या वरवरून जातं, म्हणून झिजतंही कमी आणि धरतंही कमी.

मोटारीला चार चाकं आहेत, जरा घसरली तरी ती उभी राहते. मोटरसायकलचा जमिनीशी संबंध तळहाताएवढ्या दोन ठिकाणी, बस्स. साधा हिशेब करून बघा. ताशी ६० मैलांवरून थांबायचं आहे. टायर ०.९ जी एवढं ब्रेकिंग सोसत असेल तर सुमारे ४१ मीटर लागतात, ०.७ जी सोसत असेल तर ५२. मधले ११ मीटर म्हणजे जवळजवळ अडीच गाड्यांची लांबी. समोर कोणी अचानक डावीकडे वळलं तर सगळा खेळ त्या अडीच गाड्यांचा. त्यामुळे वडिलांचा बारा हजार मैलांचा टायर मी त्या पोराला घेऊ देणार नाही. तो मोठ्या, वजनदार, सावकाश चालणाऱ्या क्रूझरसाठी बनवलेला असतो, आणि तिथेच शोभतो.

मग मुलगा बरोबर का? तर तसंही नाही. रेसच्या टायरचं रबर गरम झाल्याशिवाय कामाला लागत नाही. शर्यतीच्या आधी त्या टायरांना विजेची ब्लँकेटं गुंडाळून साधारण ८० सेल्सियसपर्यंत तापवतात, ते काही हौस म्हणून नव्हे. आपल्या मिशिगनमध्ये एप्रिलच्या सकाळी हवा ४० फॅरनहाइट, म्हणजे चार-साडेचार सेल्सियस. घरापासून कॉलेजपर्यंत सहा मैल, वाटेत नऊ सिग्नल. तेवढ्यात तो टायर तापणार कुठून? आणि तापला तरी पुढच्या सिग्नलला उभा राहून गार होणार. गार असताना हाच 'चिकट' टायर साध्या टूरिंग टायरपेक्षा कमी धरू शकतो. शिवाय त्याच्यावर नक्षी अगदी थोडी, म्हणजे पाण्याला बाहेर जायला वाट कमी. ऑक्टोबरात ओली पानं, पावसात पांढरे पट्टे आणि पुलांच्या लोखंडी पट्ट्या, भेगा बुजवायला ओतलेल्या डांबराच्या काळ्या रेघा (या तर भर उन्हातही मऊ होऊन घसरतात). आपला रस्ता हा असा आहे.

टायर निवडताना म्हणून मी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या रोजच्या चालवण्यातला सर्वांत गार, सर्वांत ओला क्षण कोणता? त्या क्षणी जो धरील तो टायर. अशा टायरांतून मग जास्तीत जास्त टिकणारा बघावा. ह्या क्रमाने गेलं की नव्वद टक्के लोक एकाच दुकानाच्या एकाच फळीपाशी येतात. तिला 'स्पोर्ट-टूरिंग' म्हणतात. मिशेलिनची रोड, पिरेलीची एंजल, मेट्झेलरची रोडटेक, डनलॉपची रोडस्मार्ट ही सगळी त्याच घराण्यातली. चांगल्या जोडीतला मागचा टायर साधारण सहा ते दहा हजार मैल जातो. दोनशे डॉलरचा टायर चार हजार मैल गेला तर मैलाला पाच सेंट, आठ हजार गेला तर अडीच. वडिलांचं समाधान व्हायला हरकत नसावी.

मुलांच्या बाजूने आणखी एक अडचण असते, ती आईवडिलांना ठाऊक नसते. टायर कडेपर्यंत वापरला गेला नाही की दोन्ही बाजूंना एक कोरी पट्टी राहते. इथली पोरं तिला 'चिकन स्ट्रिप' म्हणतात, म्हणजे भित्र्याची खूण. ती घालवायला ऑफ-रँपवर गाडी आडवी करतात. आता गणित असं, की स्थिर वळणात ४५ अंश कलणं म्हणजे बाजूला एक जी, आणि २५ अंश म्हणजे जेमतेम ०.४७ जी. पकडीचा साठा एकच असतो, वळायला आणि ब्रेक लावायला त्यातूनच खर्च करायचा. २५ अंशांवर असताना वळणात वाळू दिसली तर ब्रेकसाठी काहीतरी शिल्लक आहे. ४५ वर सगळं खातं रिकामं. कोरी पट्टी ही बँकेतली शिल्लक आहे, तिची लाज कसली?

पूर्वी मऊ की कडक यात खरोखर एकच काहीतरी मिळायचं. तो पेच दोन गोष्टींनी बराच सैल झाला. पहिली सिलिका. टायर काळा दिसतो तो कार्बन ब्लॅकमुळे, त्याने रबर मजबूत होतं. १९९० च्या दशकापासून त्याच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका घालू लागले. यातली गंमत इंजिनियर मंडळींना आवडेल. चाक फिरताना रबर दर फेरीला एकदा दबतं, म्हणजे सेकंदाला दहा-वीस वेळा. रस्त्याच्या बारीक खडीवर सरकताना मात्र तेच रबर सेकंदाला हजारो वेळा थरथरतं. सिलिकावालं रबर पहिल्या प्रकारात कमी ऊर्जा खातं आणि दुसऱ्या प्रकारात भरपूर. म्हणजे फिरताना उगाच तापत नाही आणि ओल्यात, गारठ्यात धरतं.

दुसरी गोष्ट, एकाच टायरात दोन रबरं. मधे कडक, कडेला मऊ. याचा उपयोग पाहायचा तर डेट्रॉइटहून आय-७५ धरून नॉक्सव्हिलला जा. पाचशे मैल सरळ रस्ता, सगळी झीज मधल्या दोन इंचांत. तिथून पुढे टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर हायवे १२९ चा प्रसिद्ध तुकडा लागतो, ११ मैलांत ३१८ वळणं. तिथे काम कडेच्या रबराचं. एकाच मऊ रबराचा टायर असेल तर तो तिथे पोचेपर्यंतच मधून सपाट झालेला असतो.

आणि ही सपाटी नीट समजून घ्या, कारण झीज म्हणजे फक्त नक्षीची खोली कमी होणं नव्हे. मोटरसायकलचा टायर गोल लागतो. मध्य झिजून तो चौकोनी झाला की गाडी आधी वळायला नाखूश, आणि मग कडेवर आली की एकदम कलंडल्यासारखी होते. झिजेची खूण म्हणून खाचांत छोटे उंचवटे ठेवलेले असतात. मोटरसायकलला ते अमेरिकेत ०.८ मिलिमीटरला असतात, मोटारीला त्याच्या दुप्पट. ओल्यातली पकड त्याच्या कितीतरी आधी घटते. आपण देशात आतले धागे दिसेपर्यंत टायर चालवत होतो, ती सवय इथे ताशी ७० मैलांवर आणू नये. (काही गोल्डविंगवाले काटकसर म्हणून मागच्या चाकाला चक्क मोटारीचा टायर बसवतात. खूप टिकतो हे खरं. पण सपाट टायर कलणाऱ्या वाहनाला लावायचा, हे माझ्यातल्या इंजिनियरला काही पचत नाही.)

आता दुकानात. मोटारीच्या टायरवर 'ट्रेडवेअर ४००' असा आकडा असतो. मोटरसायकलच्या टायरांना ती पद्धत लागूच नाही, तेव्हा तो शोधू नका. डीओटी अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे मात्र वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. सेलमध्ये स्वस्त मिळतोय म्हणून पाच वर्षं फळीवर पडलेला टायर उचलू नये, रबर नुसतं पडूनही कडक होतं. मागे बायको आणि दोन बॅगा घेऊन जाणाऱ्यांनी लोड इंडेक्सही बघावा. ७३ म्हणजे एका टायरला ३६५ किलो. पुढचा-मागचा एकाच जातीचे घ्या.

हवा किती? स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेली. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. गाडी काढण्यापूर्वी, टायर गार असताना मोजा. तापमान दहा फॅरनहाइटने उतरलं की साधारण एक पीएसआय जातो, त्यामुळे ऑगस्टात भरलेली हवा ऑक्टोबरात पुरत नाही. रेसवाले ट्रॅकवर हवा कमी करतात ते ऐकून मुलं रस्त्यावरही करतात. ते करू नये.

टायर नवा बसवला की पहिले शंभर मैल जपून. पृष्ठभाग तेव्हा साच्यातून निघालेला, गुळगुळीत असतो. एकदम जोरात पिळायचं नाही, एकदम ब्रेक लावायचा नाही, कलणं हळूहळू वाढवायचं. व्हॉल्व्हही त्याच वेळी नवा बसवून घ्या, आणि फिरण्याच्या दिशेचा बाण दुकानातून निघण्यापूर्वी स्वतः तपासा.