शाळेतल्या लेकरांच्या आरोग्याविषयी लिहिताना



शाळेतल्या मुलांच्या आरोग्याविषयी तुम्हीच लिहा, असे आम्ही या पानावरून सांगितले आणि पत्रांचा गठ्ठा वाढू लागला. अंगणवाडीच्या ताई लिहितात, गुरुजी लिहितात, आया लिहितात. परवा एका शाळेच्या शिपाईमामांनी वहीचे पान फाडून पाठवले. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण त्या आठवड्यातला सर्वांत चांगला मजकूर तोच होता. मामांनी लिहिले होते, पाण्याच्या टाकीला नळ दोन, त्यातला एक बंद, मधली सुट्टी संपल्याची घंटा होते तेव्हा लहान वर्गातली मुले रांगेतच उभी असतात आणि तशीच तहानलेली वर्गात जातात. बस्स एवढेच. उपदेश नाही, ‘आरोग्य हीच संपत्ती’ नाही.

उलट एका पदवीधर बंधूंचा चार पानांचा लेख आला. त्यात आरोग्याचे महत्त्व, व्यायामाचे महत्त्व, स्वच्छतेचे महत्त्व, सगळे होते. एकही मूल मात्र नव्हते. तो परत पाठवावा लागला. राग मानू नये.

तेव्हा कसे लिहावे याबद्दल चार गोष्टी बोलाव्यात असे ठरवले. पण त्याआधी आमच्याच चुकीची कबुली देतो.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका गावाहून सिकलसेलविषयी मजकूर आला होता. विषय आपल्या घरातला. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांत आहे, तसा आपल्या बौद्ध समाजातही बराच आहे. मजकुरात एका मुलीची हकीकत होती. हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे दिसायचे, शाळा बुडायची. समाजाने मदत करावी म्हणून आम्ही गाव, शाळा, इयत्ता आणि मुलीचे नाव, सगळे छापले. हेतू चांगला होता. वर्गातल्या मुलींनी तिच्या डब्याला हात लावणे बंद केले, आजार लागेल म्हणून. तिच्या थोरल्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी मोडली. त्या बहिणीची तपासणी झालेली होती आणि ती साधी वाहकसुद्धा नव्हती. वडील आम्हाला भेटायला आले. रागावले नाहीत. अंक टेबलावर ठेवला आणि विचारले, “साहेब, हे पुसता येईल का?”

पुढच्या अंकात माफी छापली. पण छापलेले पुसता येत नाही. तेव्हापासून आजारी मुलाचे नाव, गाव, शाळा, फोटो काहीही आम्ही छापत नाही. आईबापांनी परवानगी दिली तरी नाही. परवानगी आज ते देतात, पोर उद्या मोठे होणार असते. ‘एका तालुक्यातली सातवीतली मुलगी’ एवढे वाचकाला पुरते. आणि शाळेत एकच सिकलसेलचे मूल असेल तर सातवीतली असेही लिहू नका.

त्या मजकुरात दुसरी चूक अशी, की जे लिहायला हवे होते तेच राहून गेले. सिकलसेल शिवण्याने, डब्याने, पाण्याने लागत नाही. तो आईबापांकडून रक्तातून येतो, हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात हवे होते. वाहक वेगळा आणि रुग्ण वेगळा. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि निरोगी असण्याची चारात एक. ‘प्रत्येक बाळंतपणात’ हे शब्द गाळू नका. ते गाळले की लोक समजतात, पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली. तसे नसते.

आणि शाळेने काय करायचे, हे तर कोणीच लिहीत नाही! सिकलसेलच्या मुलाला तासातही पाणी पिऊ द्यावे लागते, लघवीला वारंवार जाऊ द्यावे लागते. थंडीत कुडकुडत किंवा रणरणत्या उन्हात कवायतीला उभे करायचे नाही. ताप आला तर शाळा सुटायची वाट न बघता घरी कळवायचे, कारण अशा मुलाचा ताप अंगावर काढण्यासारखा नसतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवावे, हेही सांगा. २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. पण वाचणाऱ्या आईला अभियानाच्या नावापेक्षा तपासणी कोणत्या दिवशी, कोणत्या दवाखान्यात होते हे जास्त हवे असते. तेवढे विचारून लिहा.

आता भाषेबद्दल. ‘कृमिदोष’ लिहू नका, जंत लिहा. ‘अतिसार’ नको, हगवण लिहा. काही भगिनींना असे शब्द छापील कागदावर लाजिरवाणे वाटतात. विनयपिटकात प्रसंग आहे, हगवण लागलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याला दोघांनी मिळून धुतले, उचलून निजवले. त्या भिक्खूंची अवस्था ग्रंथाने झाकून ठेवलेली नाही. मग आपणच का झाकावी?

गोळ्यांच्या बाबतीत मात्र फार जपून. आमची कारकुनी सवय म्हणा, आकडा आणि पावती जुळल्याशिवाय आम्ही पुढे सरकत नाही. जंतनाशक दिनाला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती चावून खायची असते. रक्तवाढीची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, चहासोबत नाही. तिने शौचाला काळे होते, घाबरण्याचे कारण नाही. एवढे लिहिले तरी अर्ध्या अफवा थांबतील. मात्र सिकलसेलच्या मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, हे त्याच लेखात आलेच पाहिजे. एकाला लागू पडले ते सगळ्यांना लागू पडते असे नाही. औषधाचे नाव आणि प्रमाण लिहिलेला मजकूर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना दाखवून मगच पाठवा. ‘कोणीतरी सांगितले’, ‘मोबाइलवर आले होते’ हा आधार होत नाही. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका म्हणून सांगितले, ते आपण विहारात दर रविवारी ऐकतो आणि सोमवारी पपईच्या पानांचा मेसेज दहा जणांना पुढे पाठवतो.

एक विनंती गुरुजींना. “पालक अडाणी आहेत, मुलांकडे लक्ष देत नाहीत” हे वाक्य निम्म्या लेखांत येते. जी आई पहाटे चारला उठून घरकामाला जाते, तिने डब्यात काल रात्रीची भाकर दिली तर ती अडाणी ठरते का? तिला कोणता दाखला हवा होता, कोणती रांग लावावी लागली, किती खाडे झाले, ते विचारून लिहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळाशाळांतून मुले तपासते. तपासणीत मुलाच्या हृदयाचा दोष किंवा बहिरेपण सापडते, चिठ्ठी मिळते, आणि पुढे? जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत ते मूल पोचले का, नसेल तर कुठे अडले, ही हकीकत आम्हाला हवी आहे. यश आले नाही तरी पाठवा. फसलेल्या प्रयत्नाची नोंद दुसऱ्या वस्तीला उपयोगी पडते.

लांबी, फुलस्केप कागदाची एक बाजू. जास्त झाल्यास आम्ही कापू, मग तक्रार चालणार नाही. तारीख टाका, कारण गोळीचा रंग आणि योजनेचे नाव दोन्ही बदलत असतात. टोपणनाव चालेल, आमच्याकडे मात्र खरे नाव हवे, शंका आली तर विचारायला.

शाळेतल्या संडासाला कुलूप असते, म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलींबद्दल एका ताईंनी दोन ओळी कळवल्या आहेत. किल्ली कोणाकडे असते, ते त्यांनी लिहिलेले नाही. ताई, तेवढे विचारून लिहा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.